मागच्या दाराची काच

आमच्या घरी गाडी आली ती मिरवायला नव्हे, आणि फिरायला जायला तर नव्हेच. ती आली एका हिवाळ्यापुरती. बाबा तसं सगळ्यांना सांगतही होते, "संक्रांत झाली की विकून टाकू." पुढे ती कितीतरी वर्षं आमच्या दारात उभी राहिली ही गोष्ट वेगळी. पण उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या भाड्याच्या घरासमोर, जिथे तोवर फक्त बाबांची स्कूटर आणि घरमालकांची म्हैस उभी राहत असे, तिथे ती राखाडी, डाव्या अंगाला कललेली गाडी ओढून आणली गेली, तेव्हा कुणी पेढे मागितले नाहीत. शेजारच्या सक्सेना काकी दारात आल्या, गाडीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि आत गेल्या. गाडी कशासाठी आली ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

आदल्या वर्षीच्या पौषात ताईचं पहिलं मूल गेलं होतं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, सुधा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सासरहून, नागद्याहून, आमच्याकडे आली होती. मुलगी झाली. गावातल्या इस्पितळातून घरी आणायचा दिवस उजाडला तेव्हा बाबा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होते. ते दुसऱ्या दिवशी येणार होते, पण आईला धीर नव्हता. "जवळ तर आहे, ऑटोने जाऊन येऊ," ती म्हणाली, आणि ऑटोने आणलं. दोन्ही बाजूंनी उघडी ऑटो, रेल्वेच्या पुलावरून येताना उत्तरेचा वारा, आणि बाळ आईच्या मांडीवर. आठवड्याभरात त्या पोरीला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, मूल जन्मतःच अशक्त होतं, ऑटोने आणलं नसतं तरी वाचलं असतं असं सांगता येत नव्हतं. आईने ते ऐकलं आणि ऐकलंही नाही. तिच्यापुरतं कारण एकच होतं, पुलावर बाळाला वारं लागलं, आणि ते तिच्या मांडीवर असताना लागलं. त्यानंतर तिने कुणाचंच तान्हं मूल मांडीवर घेतलं नाही. शेजारी बारसं असलं की ती ओटीचं सामान माझ्या हाती देऊन घरी थांबायची.

दक्षिणेकडून आलेल्या पाहुण्यांना माळव्यातली थंडी खरी वाटत नाही. दिवसा ऊन इतकं गोड असतं की अंगणात बसून मटार सोलावेत, ज्यांना आम्ही उज्जैनचे मराठी लोक सर्रास बटले म्हणतो. आणि दिवस कलला की तीच हवा सुरीसारखी होते. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे पहिला आवाज यायचा तो बंबाचा. आई ढलप्या घालायची, त्या तडतडायच्या, मग दूरवरून देवळांच्या घंटा, मग माई आत्याचा खोकला. माई आत्या ही बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, तेव्हापासून आमच्याकडेच. घरातलं स्वयंपाकपाणी आईचं, आणि दुखणीखुपणी, काढे, बाळंतपणं आत्याची. संध्याकाळी बाबा ऑफिसातून येताना टावर चौकातून गराडू आणायचे. तळलेल्या कंदाच्या त्या फोडी, वर मसाला आणि लिंबू, कागदाच्या पुड्यात वाफाळत असायच्या. हिवाळा आमच्याकडे खायचा ऋतू होता. त्या एका वर्षानंतर मात्र पुडा उघडताना कुणी बोलेनासं झालं.

ताईला पुन्हा दिवस राहिले तेव्हा हिशेब केला तर बाळंतपण पुन्हा ऐन थंडीतच येत होतं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, इंदूरलाच न्या, आणि तोवर दर पंधरवड्याला तिथे दाखवून आणा. बाबांनी भाड्याच्या गाड्या बघून घेतल्या. एक जीप आली, तिला काचांऐवजी ताडपत्रीचे पडदे होते. दुसऱ्या गाडीची पुढची काचच तडकलेली. ड्रायव्हर बाबांना म्हणाला, "साहब, थोड़ी हवा तो आएगी ही." बाबांनी त्याला परत पाठवलं. घरात येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, "गाडी आपलीच पाहिजे. वाऱ्याची जबाबदारी दुसऱ्यावर नाही टाकता येत."

बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे, दरवाजांचे नकाशे काढायचे. पाणी कुठून झिरपेल हे कागदावर आधी बघायचं आणि ती वाट बंद करायची, यात त्यांचं आयुष्य गेलं. ज्या वृद्ध वकिलांकडून त्यांनी गाडी घेतली त्यांच्या अंगणात ती कडुलिंबाखाली कित्येक पावसाळे उभी होती. मागच्या सीटवर मांजर व्यायली होती. पायाखालचा पत्रा असा गंजलेला की बसल्याबसल्या जमिनीवरच्या निंबोळ्या दिसत. वकीलसाहेब म्हणाले, "इंजन अच्छा है." मला त्या वयात, कॉलेजच्या पहिल्या वर्षात, सगळ्याच गोष्टींची लाज वाटायची, तशी त्या गाडीचीही वाटली. बाबांना नाही वाटली. ते गाडीभोवती हात मागे बांधून फिरले, प्रत्येक दारापाशी वाकले, आणि घरी आल्यावर एका मोठ्या कागदावर त्यांनी गाडीचा नकाशा काढला. चाकं आणि इंजिन त्यात नुसती सुचवलेली होती. मात्र जिथे जिथे फट होती तिथे तिथे लाल पेन्सिलने बाण होता. असा लाल बाणांनी भरलेला नकाशा मी पुन्हा पाहिला नाही.

देवास गेटजवळ रफीकभाईंचं गॅरेज होतं. ते बाबांच्या वयाचे, पान खाणारे, बडबडे. इंजिन त्यांनी आठवड्यात चालू केलं आणि मग बाबांनी सांगितलेल्या कामाला बघून कपाळाला हात लावला. पायाखाली नवा पत्रा जोडायचा, त्यावर डांबर, त्यावर गोणपाट, त्यावर सतरंजी. दारांना रबराची दुहेरी पट्टी. इंजिनाकडून आत येणाऱ्या तारांची भोकं लांबी, म्हणजे पुटी, भरून बंद. डिकी आणि सीट यांच्यामध्ये प्लायवूड. "बाबूजी, गाड़ी बना रहे हैं कि तिजोरी?" ते विचारायचे, आणि तरीही बाबा म्हणतील ते करायचे, कारण त्यांनाही आदल्या वर्षीचं ठाऊक होतं. बाबा सुट्टीच्या दिवशी स्वतः तिथे बसून रबर कापायचे. शेवटी रफीकभाईंनाच त्या कामाचा अभिमान वाटायला लागला. येईल त्या गिऱ्हाइकाला दार उघडून दाखवायचे, लावून दाखवायचे. दार लागताना धप्प असा भरीव आवाज यायचा. "अब इसमें मच्छर भी टिकट लेके घुसेगा," ते म्हणायचे.

काम नीट झालं का हे बघायची बाबांची तऱ्हा वेगळी होती. ते देवघरातली उदबत्ती घेऊन गाडीत बसायचे, सगळ्या काचा बंद करायचे, आणि मला बाहेरून पुठ्ठ्याने वारा घालायला सांगायचे. आत उदबत्तीचा धूर हलला तर फट राहिली. आधी तो धूर नाचायचा. मग वाकायचा. आणि डिसेंबर लागता लागता एका संध्याकाळी तो दोरीसारखा सरळ वर गेला आणि छताला टेकून पसरला. बाबांनी मला काचेतून हात केला. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं.

राहिली फक्त एक जागा, मागच्या डाव्या दाराची काच. ती वर चढायची आणि खड्डा आला की खाली उतरायची. रफीकभाईंनी दार दोनदा उघडून बघितलं. काच चढवणाऱ्या चाकाचा दात झिजला होता, आणि त्या जुन्या गाडीचं तसं दुसरं चाक मिळेना. त्यांनी लाकडाची पाचर ठोकून दिली. पाचरही हिसक्याने सुटायची. "ही काच तर खिसकूनच राहिली आहे," बाबा वैतागून म्हणायचे. शेवटी ठरलं की त्या दाराशी मी बसायचं आणि काच धरून ठेवायची. दर पंधरवड्याला ताईला इंदूरला नेताना माझी जागा तीच. बोटं बधिर व्हायची. पण ताई मध्ये शालीत गुरफटून बसलेली असायची आणि तिला वाऱ्याची झुळूकही लागत नसे, म्हणून मला त्या कामाचा कंटाळा आला नाही.

गाडीने घरातली शिस्त बदलली. पहाटे ती चालू व्हायची नाही, म्हणून बंबातलं पहिलं पाणी तिला जायचं. आई कळशी भरून बाहेर न्यायची, बाबा ते कढत पाणी रेडिएटरमध्ये ओतायचे, मग हँडल मारायचे. "आधी तुमच्या लाडकीची आंघोळ, मग माणसांची," माई आत्या कुरकुर करायची. आई मात्र कुरकुरली नाही. गाडीसाठी तिने जुन्या नऊवारीची गोधडी शिवली, सीटवर अंथरायला. ती शिवताना मी तिच्याजवळ बसले होते. "मी नाही यायची हं आणायला," ती मान वर न करता म्हणाली. "तू, बाबा आणि आत्या. माझ्या मांडीवरून नको." मी सुईत दोरा ओवून दिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबांच्या खात्याच्या एका कामावर, कालव्याच्या काठी, दोन चौकीदार कडाक्याच्या थंडीत पत्र्याच्या खोलीत शेगडी घेऊन झोपले होते. दार बंद, खिडकी पोत्याने बुजवलेली. सकाळी उठले नाहीत. बाबा तिथे गेले होते. त्यांनी आम्हाला हे जेवताना सांगितलं होतं आणि वर म्हणाले होते, "अंगावर एक ओरखडा नाही. झोपल्यासारखे." तेव्हापासून घरात नियम होता. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असली की खिडकीचं एक दार चार बोटं उघडं राहायचं, आत्याने कितीही तोंड केलं तरी. हा नियम आईला पाठ होता, आत्याला पाठ होता, मला पाठ होता. पण तो खोलीचा नियम होता.

ताईला मुलगा झाला, धडधाकट. तार आली नाही, शेजारच्या सक्सेनांकडे इंदूरच्या इस्पितळातून फोन आला. घरी आणायच्या दिवशी आईने पहाटेपासून तयारी केली. डिंकाचे लाडू, कुंची, टोपडं, दुपटी. आणि निघताना तिने तिची शेगडी आणून माझ्या पायाशी ठेवली. ती तिच्या माहेरची, ग्वाल्हेरची, तीन पायांची, जाळीदार कडेची लोखंडी शेगडी. तिच्यावर आमच्या सगळ्यांच्या वेळचा बाळंतिणीचा शेक झाला होता. "इंदूरला निखारे घ्या आणि मागे पायाशी ठेवा. दोन तासांचा रस्ता आहे, गाडी ऊबदार राहील," ती म्हणाली. बाबांनी शेगडी स्वतः उचलून डिकीत ठेवली. "हे बरं सुचलं तुला," ते म्हणाले. बाबा, आत्या आणि मी, आम्ही तिघांनीही ती शेगडी बघितली, आणि तिघांपैकी कुणाच्याही मनात काही आलं नाही.

उन्हं असताना निघायचं ठरलं होतं, पण इस्पितळातून सुटायला उशीर झाला आणि निघालो तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडून आत्याने निखारे घेतले. धूर जाईपर्यंत पुठ्ठ्याने वारा घालून ते फुलवले. "धूर एक कण नको लेकराला," ती म्हणाली. लालबुंद, बिनधुराची शेगडी विटेवर, दोन सीटांच्या मध्ये. मागे उजवीकडे आत्या, मध्ये ताई, तिच्या कुशीत बाळ, आणि डावीकडे काच धरून मी. पुढे बाबा एकटे. दारं लागली, धप्प, धप्प. बाबांनी मागे वळून विचारलं, "वारा आहे कुठे?" ताई म्हणाली, "बिलकुल नाही बाबा."

सुरुवातीला गप्पा होत्या. ताई सांगत होती की शेजारच्या खाटेवरची बाई रात्रभर घोरायची. आत्या म्हणाली, पोराचं नाक आजोबांचं आहे, बिचाऱ्याचं नशीब. बाबा हसले. वाटेतलं सांवेर गाव मागे पडलं तसं बोलणं कमी होत गेलं. गाडी छान ऊबदार झाली होती. आत्याची मान छातीवर आली. ताई म्हणाली, डोकं जड झालंय, मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दमलेत सगळे. मलाही झोप येत होती, पण पाचर कधीच पडून गेली होती आणि काच सोडता येत नव्हती. काचेच्या वरच्या कडेशी एक बारीक फट राहायचीच. तिथून येणारी गार धार माझ्या बोटांवर आणि नाकावर लागत होती. बाकी सगळीकडे मऊ, जड ऊब होती. बाबा गाडी हळू, फार हळू चालवायला लागले. एकदा ती रस्त्याच्या कडेला गेली आणि परत आली.

रेल्वेच्या फाटकावर हिसका बसला. काच माझ्या हातातून निसटली आणि खाडकन दारात जाऊन पडली. वारा आत घुसला.

"काच!" बाबा ओरडले. "अगं काच वर कर! बाळ!" त्यांनी गाडी थांबवली, दार उघडून उतरले आणि रस्त्यावर गुडघ्यांवर पडले. त्यांना उठता येईना. तोंडावर तो वारा घेत मी ताईकडे वळले. तिला हलवलं, ती हलली नाही. आत्याचं तोंड उघडं होतं. मी बाळाच्या गालाला हात लावला. गाल गरम होता, गुलाबी होता, आणि बाळ मानेत जीव नसल्यासारखं सैल होतं. मी ते उचललं आणि दार उघडून बाहेर आले. बाबा गाडीला धरून उभे राहत होते. "बाहेर नको! कान झाक त्याचे, कान झाक!" असं ते म्हणत होते, आणि म्हणता म्हणता थांबले. ते गाडीच्या आत बघत होते. आत अंधारात ती शेगडी लाल दिसत होती.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते फार पटकन केलं. चारही दारं उघडली. आत वाकून दोन्ही हातांनी ती तापलेली शेगडी उचलली आणि रस्त्यापलीकडे चरात फेकली. आत्याला ओढून दाराबाहेर कलवलं, ताईचं डोकं वाऱ्याकडे केलं, तिच्या थोबाडीत मारली, "सुधा! सुधे!" मग त्यांनी माझ्या हातून बाळ घेतलं. कुंचीची गाठ सुटेना तशी तोडली. टोपडं काढलं. दुपटं सोडलं. ज्या वाऱ्याच्या भीतीने त्या माणसाने एकेक फट बुजवली होती, त्या वाऱ्याच्या तोंडावर त्यांनी ते उघडं मूल दोन्ही हातांवर धरलं. "घे रे," ते म्हणत होते, "घे, श्वास घे, घे रे बाबा." हरभऱ्याच्या शेतावरून वारा येत होता. मला आईचा चेहरा दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं. आणि मग त्या पोराने तोंड वेडंवाकडं केलं, हात आखडले आणि ते रडलं. आधी बारीक, मग साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं.

ताई शुद्धीवर आली, ओकली, आणि पहिल्यांदा बाळ मागितलं. आत्या सगळ्यात शेवटी जागी झाली. काय झालं ते समजल्यावर ती रस्त्याच्या कडेला बसून कपाळ बडवायला लागली. "निखारे मी घेतले रे, मी घेतले." बाबांनी तिचे हात धरले, तेव्हा मी त्यांचे तळवे बघितले. "माई, बस," ते म्हणाले. "मी पण बघितली होती शेगडी." आत्या चराकडे निघाली, शेगडी आणायला. सवयच तशी, भांडं टाकून यायचं नाही. "राहू दे तिथेच," बाबा म्हणाले. मग ते आम्हा तिघींना म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी शांत होता, "घरी शेगडीचं कुणी बोलायचं नाही. तिने दिली होती. मागचं तिचं अजून फिटलं नाही, हे तिला जगू देणार नाही. काच माझ्याकडून उघडी राहिली, एवढंच."

फ्रीगंजमधल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे आधी गेलो. त्यांनी सगळ्यांना तपासलं, बाळाला बराच वेळ ऑक्सिजनची नळी लावून ठेवलं, बाबांना चार शब्द सुनावले आणि मग घरी सोडलं. आम्ही घराशी आलो ते चारही काचा उतरवलेल्या गाडीतून, काकडत. बाबांनी हात डॉक्टरांनाही दाखवले नव्हते, त्यांना रुमाल गुंडाळून गाडी चालवली होती. आई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने गाडी बघितली, त्या काचा बघितल्या, आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी आधी किंवा नंतर कधी ऐकला नाही.

"काचा उघड्या?" ती म्हणाली. "एवढं सगळं करून काचा उघड्या टाकून आणलंत माझ्या लेकराला? एकदा झालं ते पुरलं नाही तुम्हाला?" गल्ली ऐकत होती. ताई रडायला लागली, आत्याने तोंड उघडलं. बाबांनी आत्याकडे बघितलं, तशी ती गप्प झाली. "चुकलं माझं," बाबा म्हणाले. "काच नाही राहिली माझ्याच्याने." आईने भाकरतुकडा ओवाळला. मग तिचं लक्ष रुमालांकडे गेलं. बाबा म्हणाले, रेडिएटरचं झाकण उघडताना वाफ आली. आईने त्यांना पाटावर बसवलं, घंगाळात गार पाणी घेतलं आणि त्यांचे हात धुतले. मी समई सरकवून जवळ आणली होती. घंगाळातलं पाणी राखेने काळं झालं होतं. आईने ते पाणी मोरीत ओतलं, दुसरं घेतलं, आणि तूप आणायला उठली.

त्या प्रसंगावरून आईने बाबांना आयुष्यभर बोलून घेतलं. थंडी पडली की सुरू. "यांच्या हाती काच देऊ नका गं, पोरासकट वाऱ्यावर सोडतील." पाहुण्यांसमोर, जावयासमोर, त्या पोरासमोरसुद्धा, तो मोठा झाल्यावर. बाबा हसून ऐकायचे. तळव्यांवरचे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. गाडी त्यांनी विकली नाही, पण रबराच्या पट्ट्या त्याच महिन्यात काढून टाकल्या, आणि मागच्या दाराची काच कधी दुरुस्त करून घेतली नाही. रफीकभाई विचारायचे, "पुर्ज़ा मिल गया है, लगा दूँ?" बाबा म्हणायचे, "रहने दो."

बाबा गेले. माई आत्या त्यांच्या आधीच गेली होती. आईचं ते टोमणे मारणं बंद झालं आणि घरातला हिवाळा फार शांत झाला. मी कधी काही बोलले नाही. बाबांना शब्द दिला होता, आणि तिला कळून आता काय मिळणार होतं.

मागच्या की त्याच्या मागच्या हिवाळ्यात ताईचा मुलगा आईला आणि मला त्याच्या नव्या गाडीतून इंदूरला घेऊन गेला. आता तो रस्ता रुंद झाला आहे, ते फाटक होतं तिथे पूल आहे, आणि टावर चौकात गाडी उभी करायलाही जागा नसते. आई पुढे बसली होती, वाळून एवढीशी झालेली, शालीत. मागे माझ्याशेजारी त्याची बायको, तिच्या मांडीवर त्यांची लेक. बाहेर थंडी होती. त्याने हीटर लावला आणि सगळ्या काचा वर घेतल्या. कसलाही आवाज न करता त्या बंद झाल्या, आणि गाडी छान ऊबदार झाली.

सांवेर आलं तशी आई म्हणाली, "काच थोडी खाली कर रे."

"आजी, बाहर बहोत थंडी आहे. बेबीला वारा लागेल."

"लागू दे. चार बोटं खाली कर."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काच खाली आली, आणि गार वाऱ्याची धार आत आली. आईने शाल कानावर ओढून घेतली आणि बाहेर बघत राहिली. घरातला एक चमचा हरवला तर सगळं घर डोक्यावर घेणारी माझी आई. माहेरच्या त्या शेगडीचं तिने मला, आत्याला, बाबांना, कुणालाच कधी विचारलं नव्हतं.